वाटीतला वास

नवरा पेन्शन घेऊन घरी आला की बायका देवाला नारळ फोडतात. अपेक्षानंही फोडला. सतरा वर्षं तिचा नवरा फौजेत होता. कधी जोधपूर, कधी सिलिगुडी, कधी कुठं ते सांगायचीही सोय नाही अशा ठिकाणी. दिवाळीच्या आधी हवालदार जोतीराम कायमचा घरी आला, तेव्हा मसूरच्या पुढच्या त्या गावानं त्याची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली, पोरांनी गुलाल उधळला. अपेक्षा ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. आता एकटीनं मरायला नको, असं तिला वाटलं होतं.

पुढच्या दोन महिन्यांत त्याच नवऱ्याचं कुणी नाव काढलं तरी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. का? दारू प्यायला लागला म्हणून? हात उगारला म्हणून? छे! तिच्या आजारी पोराला त्यानं चांगलं सांभाळलं म्हणून. आता बोला!

पोरगं म्हणजे शिवतेज, पाचवीत शिकणारा, एकुलता एक. त्याला सिस्टिक फायब्रोसिस आहे. जन्माचंच दुखणं, आईबापाच्या रक्तातून आलेलं. या दुखण्यात छातीतला कफ डिंकासारखा घट्ट बसतो, घामातून मीठ निघून जातं आणि खाल्लेलं अंगाला लागत नाही. शिवतेज तान्हा होता तेव्हा त्याच्या कपाळाचा पापा घेतला की अपेक्षाच्या ओठांना खारट लागायचं. ती सासूला, शालूबाईंना म्हणायची, "आत्या, ह्येचं कपाळ खारट लागतंय बघा." शालूबाई म्हणायच्या, "उन्हाचं आसंल गं, तुझं आपलं कायतरीच." पोरगं वाळत चाललं तरी उन्हाचंच चाललं होतं. शेवटी अपेक्षानं त्याला खांद्यावर टाकलं, पुणं गाठलं, घामाची तपासणी केली आणि दुखण्याचं नाव कागदावर लिहून आणलं. जोतीराम तेव्हा बर्फात होता. त्याला फोन लागायला चार दिवस गेले.

तेव्हापासून सगळं तिनं एकटीनं केलं. सकाळ-संध्याकाळ मशीननं औषधाची वाफ द्यायची. मग पोराला उशीवर पालथं घालून, तळहाताची खोलगट वाटी करून पाठ थापटायची, म्हणजे आतला कफ सुटतो. तो खोकायचा, रडायचा, "दुखतंय" म्हणायचा. ती गाणी म्हणायची, चकलीची लालूच दाखवायची, कधी स्वतःच रडायची. जेवणाआधी कॅप्सूल, भाकरीवर तुपाचा गोळा, ताकात जास्तीचं मीठ. मशीनची भांडी रोज उकळायची आणि पांढऱ्या फडक्यावर कोरडी करायची. भावाच्या लग्नाला ती हळदीपुरती गेली आणि अक्षता पडायच्या आधी परत आली, कारण संध्याकाळची वाफ चुकली असती.

आणि एक गोष्ट तिला यायची ती दुसऱ्या कुणालाच यायची नाही. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी पाठ थापटून झाल्यावर शिवतेज नेहमीसारखा स्टीलच्या वाटीत थुंकला. अपेक्षा वाटी धुवायला मोरीत गेली आणि तिथंच थबकली. वाटीतून गोडसर वास येत होता. तिचं माहेर तासगावजवळचं, बापाची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. घड उतरायला लागले, मणी फुटायला लागले की त्या शेडमध्ये जो वास भरतो, तोच हा. तिनं वाटी सासूच्या नाकाशी नेली. शालूबाई म्हणाल्या, "शी! येड लागलं काय तुला? फेकून दे की ते." तिनं ती ओतली नाही. झाकण लावलं, पोराला घेतलं आणि सांगली गाठली.

सांगलीचे सुमंत डॉक्टर लहान मुलांच्या छातीचे डॉक्टर. ते हसले नाहीत. ते म्हणाले, "ताई, एक जंतू असतो. ओल्या जागी राहतो. नळाच्या तोंडाशी, मोरीत, साचलेल्या पाण्यात. तुम्हाआम्हाला काही करत नाही, पण याच्या छातीत घर करू बघतो. कधी कधी त्याला असा वास येतो. नुसत्या वासावर मी निदान करणार नाही, तपासणी करू. पण तुम्ही आलात ते फार बरं केलंत."

तपासणीत तोच जंतू निघाला. तेव्हा डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं होतं. "घरी पाण्याची टाकी आहे ना? आतून हात फिरवला की बुळबुळीत थर लागतो? हा जंतू छातीत तसाच थर धरतो. आधी सुटा असतो, तेव्हा औषधानं मरतो. पण त्याला वेळ मिळाला की सगळे एकमेकांना चिकटतात, वर पापुद्रा धरतात. मग औषध वरच्यावर चालतं, आतले तसेच झोपून राहतात. औषध थांबलं की उठतात. एकदा का तो थर नीट बसला, की मग आयुष्यभर औषध द्यायचं आणि त्याला दाबून ठेवायचं, एवढंच हातात राहतं. म्हणून त्याला सुटा असतानाच गाठायचा. वास परत आला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी फोन."

कितीतरी महिने मशीनमधून औषध चाललं आणि तो जंतू गेला. पुढच्या तपासण्या स्वच्छ आल्या. डॉक्टर म्हणाले, "हे तुमच्या नाकाचं यश आहे." त्या एका वाक्यावर अपेक्षानं दोन वर्षं काढली. खोटं कशाला बोला, ती ते वाक्य मनात पुन्हापुन्हा घोळवायची.

आणि मग आले हवालदारसाहेब.

पहिला आठवडा त्यानं नुसतं बघितलं. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, "आता तू जरा दम खा. लय केलंस. हितनं पुढं माझी ड्युटी." किती चांगलं बोलला! कुठल्याही बाईला बरं वाटलं असतं. अपेक्षालाही वाटलं, चार दिवस. पाचव्या दिवशी तिनं बघितलं की शिवतेज रडत नाही. नवरा शिट्टी वाजवतो, "जवान, पोझिशन!" म्हणतो आणि पोरगं खिदळत उशीवर पालथं पडतं. नवऱ्याचा तो दांडगा पंजा पाठीवर टपटप पडतो, पोरगं खोकतं, थुंकतं आणि वर "सर, कफ आऊट!" म्हणून सलाम ठोकतं. नऊ वर्षं तिनं गाणी म्हणून घसा बसवून घेतला, आणि ह्यांचं एका शिट्टीत भागलं!

एका संध्याकाळी जोतीराम ऊसतोडीच्या टोळीशी बोलायला रानात गेला होता. अपेक्षानं वाफ दिली आणि थापटायला बसली. शिवतेज खांदा काढून घेत म्हणाला, "मम्मी, तू नको. पप्पा येऊ दे. पप्पांचा हात बरोबर बसतोय."

"आन् माझा कुठं बसत हुता इतकी वर्सं?" ती म्हणाली.

"तुझा बी बसायचा. पर पप्पांचा जास्त बसतोय."

ती हसली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गोठ्यात जाऊन म्हशीला विनाकारण शिव्या दिल्या.

मग पहाटेचं पळणं सुरू झालं. बापलेक कॅनॉलच्या कडेनं पळायचे. जोतीराम त्याचे व्हिडिओ काढून मोबाईलच्या स्टेटसला टाकायचा: 'माझा जवान'. तिच्या माहेरचे फोन यायचे, "दाजींनी कमाल केली हां!" शालूबाई तर दारात येईल त्याला सांगायच्या, "माझ्या लेकानं पोराला माणसात आणलं बघा. बायामाणसाच्या हातात पोरगं लुळं पडतंय." अपेक्षा आत भाकरी थापत ऐकायची. तव्यावरची भाकरी करपायची, पण तिचं लक्ष नसायचं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा माणूस, आणि सगळं गाव त्याला ओवाळतंय! पोरगं वाळून काटकी झालं होतं तेव्हा कुठं होता हा? ताप डोक्यात चढला होता तेव्हा? नोकरीवर होता, देशाची सेवा करत होता, हे तिलाही कळत होतं. कळून काय उपयोग? आत जळायचं ते जळतच होतं.

पुढच्या तारखेला तिघं सांगलीला गेले. शिवतेजनं फुंकायच्या मशीनमध्ये जोरात फुंकलं आणि आकडा बघून सुमंत डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. "अरे वा! इतका चांगला आकडा याआधी कधी आला नव्हता. काय जादू केलीत?"

"पप्पा!" शिवतेज ओरडला. "पप्पा मला पळीवत्यात."

डॉक्टर उठले आणि त्यांनी जोतीरामचा हात हातात घेतला. "फौजी माणूस घरात असावा तर असा." जोतीराम लाजला. थुंकीही घेतली, आणि तिचा रिपोर्ट पुढं स्वच्छच आला. अपेक्षा डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याकडं बघून डॉक्टर म्हणाले, "ताई, आता तुम्हाला आराम." आराम! तिला वाटलं, टेबलावरची थुंकी तपासायची काचेची पट्टी उचलावी आणि फोडावी. येताना जोतीरामनं भडंग आणि भेळ घेतली. तिनं डोकं दुखतंय म्हणून तोंडही लावलं नाही.

घरात तिच्याकडं एकच काम उरलं होतं. वाटी धुवायचं. कौतुकाचा भाग त्यांचा, घाणीचा भाग हिचा. जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी ती वाटी घेऊन मोरीत गेली, सवयीनं नाकाशी नेली आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

द्राक्षाचा वास.

तिनं पुन्हा हुंगलं. शंकाच नव्हती. आणि त्या क्षणी तिच्या मनात पहिला शब्द काय आला असेल? 'देवा' नाही, 'पोरा' नाही. तिच्या मनात आलं, 'बरं झालं.'

आलं खरं. ती स्वतःच दचकली, वाटीवर भसाभसा गरम पाणी ओतलं, हात साबणानं दोनदा धुतले. पण तो शब्द गेला नाही. बरं झालं. बघू दे आता शिट्टीनं जंतू मरतोय का. बघू दे त्या डॉक्टरला, हात हातात घेत होता. ती पदराला हात पुसत बाहेर आली. अंगणात बापलेक बुटांच्या नाड्या बांधत होते. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात जोतीराम तिच्याकडं न बघता म्हणाला, "अपेक्षा, दोन अंडी उकड गं. आमी पळून आलो." आमी! तिनं तोंड मिटलं.

मग तिनं स्वतःशी एक करार केला. एकदा विचारू दे. 'अपेक्षा, तुला काय वाटतंय?' एवढं त्यानं विचारलं की सांगायचं. जास्त काही नको होतं तिला. नऊ वर्षांच्या कष्टाला एक प्रश्न, बास. आणि तोवर काय होतंय? एका दिवसानं काय बिघडतंय?

एका दिवसाचे दोन झाले, दोनाचे चार. रोज ती वाटी नाकाशी न्यायची, रोज तो वास असायचा, आणि रोज ती मनाशी म्हणायची, उद्या. मोबाईलवर डॉक्टरांचा नंबर होता. एकदा तिनं तो काढलासुद्धा. तेवढ्यात ओसरीवर शालूबाई शेजारणीला सांगताना ऐकू आल्या, "जोती आल्यापास्नं पोराला साधी शिंक न्हाई बघ." अपेक्षानं मोबाईल उताणा होता तो पालथा ठेवला. टाकीतला तो बुळबुळीत थर तिच्या डोळ्यांपुढं यायचा. तिला नीट माहीत होतं ती काय करतेय. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय तिला नाही, आणि आपण ती करूनही देऊ नये.

आठवडा उलटून गेला आणि त्यानं विचारलं.

ती गोठ्यात धार काढत होती. जोतीराम गव्हाणीपाशी येऊन उभा राहिला, वैरणीची काडी हातात घेऊन मोडत म्हणाला, "अपेक्षा, पोराचा खोकला जरा वाढलाय का गं? पळताना मधीच थांबतोय. तुला काय वाटतंय?"

अगदी तेच शब्द. तिनं मागितलेले. तिला वाटायचं, हा प्रश्न आला की आपण शांतपणे सांगू, आणि तो मान खाली घालील. पण प्रत्यक्षात प्रश्न आला तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्ता आठवण झाली माझी! गरज पडली तवा!

"मला काय इचारता?" ती म्हशीच्या कासेकडं बघत म्हणाली. "तुमचं पोरगं, तुमचं ट्रेनिंग. मी आपली बायामाणूस."

जोतीरामनं मोडलेली काडी गव्हाणीत टाकली. "थंडी लय पडलीया," तो म्हणाला. "थंडीचंच आसंल." आणि गेला.

त्या दिवशी तिनं धारेची अर्धी बादली स्वतःच्याच लाथेनं कलंडवली आणि म्हशीचं नाव सांगितलं.

त्याच शनिवारी शाळेच्या स्पर्धा होत्या. ज्या पोराला आठवड्यातले दोन दिवससुद्धा शाळा झेपत नव्हती, ते पोरगं दोनशे मीटरला उभं राहिलं होतं. सगळी गल्ली बघायला आली. शालूबाई नवं लुगडं नेसून आल्या. अपेक्षा मैदानाच्या कडेला बायकांत बसली होती. त्या सकाळीही वास होता आणि वाटीत हिरवट झाक होती.

शिट्टी झाली. शिवतेज चांगला सुटला, तिसरा होता, मग चौथा, मग वळणावर त्याची चाल तुटली. तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि त्याची पाठ आत-बाहेर व्हायला लागली. पलीकडून जोतीराम ओरडत होता, "चल जवान! चल! थांबायचं न्हाई!" आणि पोरगं खरंच पुन्हा पळायला लागलं. बापाच्या शब्दाखातर! तोंड उघडं, ओठ काळपट.

अपेक्षा उठली. बायकांच्या पायांवरून, चपलांवरून तुडवत ती मैदानात धावली. "थांब! शिवतेज, थांब!" ती आरडत होती. तिनं पोराला मिठीत धरून खाली बसवलं. जोतीराम धापा टाकत आला. "काय झालं? का आडवलंस? येत हुता की त्यो."

"वास येतोय," ती म्हणाली.

"कसला वास?"

"द्राक्षाचा. त्यो जंतू आलाय परत."

जोतीरामचं तोंड उतरलं. पहिल्या वेळी तो सिलिगुडीत होता, पण फोनवर त्यानं सगळं ऐकलं होतं, टाकीचं, थराचं, सगळं. "कवापासनं?" त्यानं विचारलं.

सगळं गाव भोवती जमलं होतं. सासू पुढं होती. अपेक्षा म्हणाली, "आज सकाळपासनं."

गल्लीतल्या तात्याबाची भाड्याची गाडी काढली आणि दुपारपर्यंत ते सांगलीत पोहोचले. सगळी वाट जोतीराम पोराला छातीशी धरून होता आणि फोनवर ज्याला त्याला सांगत होता. आईला तर तो म्हणाला, "आये, माझ्या शिट्टीनं काय हुतंय गं? हिचं नाक हाय म्हणून पोरगं हाय. मला दिसत असून बी कळलं न्हाई बघ. तू हिला काय बोलत जाऊ नगंस." अपेक्षा खिडकीतून बाहेर बघत होती. हेच ऐकायला ती दोन महिने तडफडली होती. आता ते कानावर पडत होतं आणि गाडीतून उडी मारावीशी वाटत होती.

दवाखान्यात सिस्टर शिवतेजला एक्स-रे काढायला आणि थुंकी घ्यायला घेऊन गेल्या. खोलीत तिघंच राहिले. सुमंत डॉक्टरांनी विचारलं, "वास कधीपासून येतोय?"

"आजच, साहेब," जोतीराम म्हणाला. "हिनं सकाळी ओळखलं आणि लगीच आलो."

"शाब्बास, ताई!" डॉक्टर तोंडभर हसले. "जोतीराव, नशीबवान आहात. अशी आई असली की निम्मं काम झालं. आजचंच असेल तर फार घाबरायचं कारण नाही. एक्स-रे बघतो, रिपोर्ट येईपर्यंत मशीनमधलं औषध आणि गोळी सुरू करू, घरी जा. जुनं असतं तर गोष्ट वेगळी. मग इथं ठेवून सलाईनमधून दोन-दोन औषधं द्यावी लागली असती." आणि ते लिहायला लागले.

जोतीराम तिच्याकडं बघत होता. लग्नात बघितलं होतं तसं. त्या बघण्यात तिची सगळी नऊ वर्षं होती आणि ती कुणी काढून घेणार नव्हतं. तिनं फक्त गप्प बसायचं होतं. डॉक्टरांचा पेन चालत होता. एक ओळ झाली, दुसरी झाली.

"साहेब, थांबा," अपेक्षा म्हणाली. "आजचं न्हाई."

"म्हणजे?"

"गेल्या आठवड्यातल्या सोमवारपासनं येतोय. रोज येतोय."

पेन थांबला. "तुम्हाला रोज कळत होतं?"

"व्हय."

"मग फोन का नाही केलात?"

डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं, मग जोतीरामकडं, आणि लिहिलेला कागद फाडून दुसरा घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "ॲडमिट करू. दोन्ही औषधं शिरेतून. थर धरलाय की नाही हे आज कुणीच सांगू शकत नाही. हे झाल्यावर तपासणी, पुढं परत तपासणी. तेव्हा कळेल जातो की कायमचा बसलाय."

बाहेर पॅसेजमध्ये जोतीराम भिंतीला टेकून उभा राहिला. ती वाट बघत होती, आता हा ओरडेल, आता हात उचलेल. उचलावा, असंही तिला वाटलं.

"मी इचारलं हुतं तुला," तो म्हणाला. "गव्हाणीपाशी."

"व्हय."

"मला वाटलं, तू हाईस, काय आसतं तर तू बोलली आसतीस." त्यानं औषधांची चिठ्ठी खिशात घातली आणि जिना उतरून गेला.

वॉर्डात शिवतेजच्या हाताला सुई लावून झाली होती. तो रडला नव्हता. जवान रडत नाहीत, असं त्यानं सिस्टरला सांगितलं होतं. सिस्टर जाताना म्हणाल्या, "रात्री पेशंटजवळ एकालाच राहता येईल." अपेक्षा म्हणाली, "ह्येचे पप्पा राहतील."

"नको," शिवतेज म्हणाला. "तू रहा, मम्मी."

"पप्पा असू दे की. पप्पांचा हात बरोबर बसतोय म्हणत हुतास."

"थापटायला बसतोय. पर आजारी पडल्यावर तूच पायजेस." त्यानं दुसऱ्या हातानं तिच्या साडीचा काठ धरला. मग जरा वेळानं म्हणाला, "मम्मी, एक सांगू? रागवायचं न्हाई."

"न्हाई रागवत."

"मला बी येत हुता त्यो वास. थुंकताना. गोड-गोड. लय दिवस येत हुता."

"मग सांगायचं न्हाई व्हय रं, बाळा?"

"तू वाटी नाकाशी न्यायचीस की. मी मोरीच्या दारातनं रोज बघायचो. तू काय बोलायची न्हाईस. मग मला वाटायचं, ह्यो त्यो न्हाई. त्यो आसता तर मम्मी आरडली आसती."

"पप्पांना तरी सांगायचं."

"पप्पांना काय कळतंय त्यातलं? ते तुलाच कळतंय." तो सलाईनच्या बाटलीकडं बघत होता. मग त्यानं मान वळवली. "तुला तवा वास आलाच नव्हता ना, मम्मी?"

एक 'न्हाई' म्हटलं की संपत होतं. पोराला ते पटलं असतं, त्याला तेच ऐकायचं होतं.

"आला हुता," अपेक्षा म्हणाली.

"मग?"

दारात जोतीराम औषधांची पिशवी घेऊन उभा होता. कधी आला होता कुणास ठाऊक. तो आत आला नाही.

"जळत हुते रं मी," ती म्हणाली. "तुझ्या पप्पांवर. तू त्यांचा झालास, सगळी त्यांचंच नाव घ्याय लागली. मला वाटलं, त्यांची जिरू दे. म्हणून बोलले न्हाई."

शिवतेजनं दाराकडं बघितलं, मग तिच्याकडं. त्याच्या कपाळावर आठी पडली, गणित सुटलं नाही की पडते तशी.

"आन् मी?" त्यानं विचारलं.